गेलं, आता उघड

नूरजहाँने पडद्याची दोन टोकं जवळ ओढली आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावून टाकला. तरी खालून उन्हाची एक पट्टी आत आलीच. तिथे तिने उशी टेकवली. आखातातल्या अल मनखूलमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या शोभनाच्या हॉलमध्ये भर दुपारी बारा वाजता काळोख झाला.

"झाला का अंधार?" शोभनाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झाला. तू ये आता, सुरू झाला बघ."

ऑक्टोबर आला की खालच्या सुपरमार्केटात नारिंगी प्लॅस्टिकचे भोपळे टांगले जात आणि इंग्रजी सिनेमांच्या चॅनलवर महिनाभर रोज दुपारी भुतं लागत. हॅलोविन म्हणजे नेमकं काय, हे दोघींपैकी एकीलाही धड सांगता आलं नसतं. भुतं मात्र दोघींच्या घरची होती. शोभना पुण्याची, शाळेच्या सुट्टीत वाचनालयातून भयकथांची पुस्तकं आणून पांघरुणात वाचलेली. नूरजहाँ रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातली, मराठी शाळेत शिकलेली. तिच्या गावात प्रत्येक पिंपळावर एक मुंजा आणि प्रत्येक वळणावर एक हडळ ठरलेली. समोरासमोरच्या दारांत राहायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात दोघींना एकमेकींची ही खोड कळली. तेव्हापासून चार वर्षं, नवरे कामाला आणि मुलं शाळेला गेली की, ऑक्टोबरातल्या दुपारी भुतांच्या नावे लिहून दिलेल्या. रमजान ऑक्टोबरात यायचा तेव्हा भुतांना ईदपर्यंत ताटकळत बसावं लागे. यंदा, दोन हजार आठ साली, पहिल्यांदाच अख्खा महिना मोकळा मिळाला होता.

गंमत अशी की नूरजहाँने या चार वर्षांत एकही भूत पाहिलेलं नव्हतं. संगीत जरा बदललं की तिची ओढणी डोळ्यांवर यायची आणि ओठांवर कुराणातली आयतुल कुर्सी. मग शोभनाने सांगायचं. बाई जिना चढतेय. दिवा गेला. कपाटातनं हात आला, पांढराफटक. ओढणीआडून नूरजहाँ 'गेलं का?' असं विचारत राहायची, आणि सगळं ओसरलं की शोभनाने म्हणायचं, "गेलं, आता उघड." त्यावर नूरजहाँ डोळे उघडायची आणि हुश्श करायची. या खेळाला नियम एकच होता, तोही कधी कुणी बोलून दाखवलेला नव्हता. खरोखर गेल्याशिवाय शोभना 'गेलं' म्हणत नसे. एकदाही, थट्टेतसुद्धा, तिने फसवलं नव्हतं.

शोभना चकलीचा डबा घेऊन आली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. दिवाळी दोनच दिवसांपूर्वी झाली होती आणि आज भाऊबीज होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओवाळणीचं तबक आधीच मांडून ठेवलेलं नूरजहाँला येताना दिसलं होतं. निरांजन, सुपारी, अक्षता. शोभनाला सख्खा भाऊ नव्हता. पहिल्या वर्षी तिने सहज विचारलं होतं आणि नूरजहाँचा नवरा अहमद पाटावर येऊन बसला होता. तेव्हापासून बीज त्याच घरात होई.

"अहमदभाई येणार ना वेळेवर?"

"शारजात काम आहे म्हणत होते. उशीर होईल."

"आजच्या दिवशी? आत्तापर्यंत कधी झाला नाही तो."

नूरजहाँने टीव्हीकडे पाहिलं. कुणी एक बाई आपल्या मुलीला घेऊन टेकडीवरच्या मोठ्या घरात राहायला आली होती. घर बघून मुलगी खूश झाली होती. मुली अशा घरांत नेहमीच खूश होतात.

अहमद आणि प्रकाश, शोभनाचा नवरा, एकाच कंपनीत होते. उंच इमारतींच्या काचेच्या भिंती बनवायची कंपनी. प्रकाश प्लॅनिंगला, आणि अहमद मंदूब, म्हणजे लोकांच्या व्हिसाचे कागद घेऊन सरकारी ऑफिसांत फिरणारा. आज पहाटे नमाजानंतर चहा पिताना अहमदने कप खाली ठेवला होता आणि सांगितलं होतं. टॉवरांची कामं थांबलीत. चाळीस व्हिसे रद्द करायची यादी कालच त्याच्या हातात दिली. रविवारी लोकांना सांगणार. प्रकाशभाईंचं नाव पहिल्याच पानावर आहे.

"त्यांना सांगा ना मग," नूरजहाँ म्हणाली होती.

"मालक काय बोलला ते ऐक. रविवारच्या आधी एका माणसाला जरी कळलं तरी ते माझ्यामुळेच कळलं असं समजणार. एक्केचाळीसावं नाव माझं. तू उझैरची शपथ घे, नूर. शोभनाला सांगणार नाहीस म्हणून."

तिने पोराची शपथ घेतली. साडेसहाला तिने खिडकीतून पाहिलं. यादी बॅगेत घेऊन अहमद रोजच्यासारखा प्रकाशच्याच गाडीत बसला. प्रकाशने हात लांब करून त्याच्यासाठी आतून दार उघडलं होतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी नूरजहाँने तो सोसला असता. रविवार काही लांब नव्हता. पण ती आल्या आल्या शोभनाने दारातच दुसरं काढलं होतं. शारजातल्या एका शाळेने तिला शिक्षिकेची नोकरी देऊ केली होती. होय किंवा नाही ते आज दुपारी दोनच्या आत फोन करून कळवायचं होतं. नंतर त्यांच्या यादीतली पुढची बाई.

"नाही म्हणून टाकते," शोभना म्हणाली होती. "प्रकाश म्हणतो, गरज काय? पुढच्या महिन्यात डिस्कव्हरी गार्डन्सला शिफ्ट होतोय. तिथून शारजा म्हणजे पहाटे पाचला निघा. सृष्टी शाळेतून घरी येणार तेव्हा कोण? फिल्म संपली की करते फोन. खलास."

अठरा वर्षं मंदूबाची बायको असलेल्या बाईला काही गोष्टी न शिकता येतात. नवऱ्याच्या व्हिसावर बायको आणि पोरं टांगलेली असतात. त्याच्या व्हिसावर रद्दचा शिक्का पडला की सगळ्यांनाच महिनाभराची मुदत, मग विमान. पण बाई शिक्षिका असेल, तिचा स्वतःचा व्हिसा असेल, तर तीच घरादाराला आपल्या व्हिसावर घेऊ शकते. अशी दोन घरं अहमदने स्वतः वाचवलेली होती. आणि इथे ही बाई मांडीवर चकलीचा डबा घेऊन बसली होती, आणि सिनेमा संपल्यावर आपल्या हाताने तो दरवाजा लावणार होती.

"घे की नोकरी," नूरजहाँ म्हणाली. "हाताशी असलेली बरी."

"चारदा बोललीस, भाभी. तुला काय शारजाची बस काढायची आहे?"

"जमाना खराब आहे. काय सांगता येतं."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस. बघ, बघ, ती तळघराचं दार उघडतेय."

संगीत बदललं. सवयीने ओढणी वर आली. नूरजहाँला तिच्या आड श्वास पुरेना. शोभनाचा आवाज शेजारून येत होता, नेहमीसारखा हलका, आणि मधूनच चकलीचा तुकडा मोडल्याचा आवाज. पायऱ्या उतरतेय. खाली पाणी साचलंय. कुणीतरी पाठमोरं उभंय. नूरजहाँने आयतुल कुर्सी सुरू केली आणि ती अर्ध्यात विसरली. लहानपणापासून पाठ असलेली, आणि पुढचा शब्दच सापडेना. मग तिला खरोखर भीती वाटली.

"गेलं, आता उघड."

तिने उघडले. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

शोभना उठली. "चहा ठेवते. थांबवता तर येत नाही ह्याला. आज तू सांग मला, मी आतून ऐकते."

"मी कुठे बघते?"

"बघ एक दिवस. काही खात नाही तुला."

आत नळ वाहिला, गॅस पेटला. पडद्यावर ती बाई ओट्याशी उभी राहून बशा पुसत होती. संगीत नव्हतं, काही नव्हतं. मुलगी टेबलाशी चित्र काढत होती.

"भाभी, काय चाललंय?"

नूरजहाँने ओढणीचं टोक मुठीत धरलं. शोभनाला सांगणार नाही अशी शपथ होती. सिनेमाचं काय, तो तर रोजच सांगायचा असतो. असा हिशोब देवाघरी चालतो की नाही हे तिला माहीत नव्हतं. या अल्ला, उझैरला सांभाळ, असं ती मनात म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

"तिचा नवरा घरी आलाय," ती म्हणाली.

"नवरा? तो मेलेला होता ना?"

"नाही. आलाय. रोजच्यापेक्षा लवकर. बूट न काढताच सोफ्यावर बसलाय."

"मग?"

"बोलत नाही. ती पाणी देते, तो ग्लास तसाच धरून बसतो. त्याला कंपनीतनं पत्र दिलंय. त्याचंच नाही, बऱ्याच जणांचं. महिन्याची मुदत. बायको त्याच्या व्हिसावर. मुलगी त्याच्या व्हिसावर."

आत शोभना हसली. "इंग्लिश भुतांना व्हिसा कधीपासून लागायला लागला?"

नूरजहाँ हसली नाही. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, पण तो थांबतही नव्हता.

"रविवार आहे. ती बाई रडत नाहीये. ती सारखी फोनकडे बघतेय. गुरुवारी तिला एक फोन करायचा होता, दोनच्या आत. तिने केला, पण नाही म्हणून सांगितलं. हो म्हणाली असती तर तिचा व्हिसा झाला असता. मग तिने नवऱ्याला घेतलं असतं आपल्या व्हिसावर, पोरीला घेतलं असतं. पण तिला कुणी सांगितलं नाही. जिला माहीत होतं तीसुद्धा बोलली नाही."

गॅस बंद केल्याचा आवाज आला.

शोभना दारात येऊन उभी राहिली. हातात सांडशीने धरलेलं चहाचं भांडं तसंच होतं. तिने टीव्हीकडे पाहिलं. बाईच्या बशा पुसून झाल्या होत्या, आता ती मुलीचे केस विंचरत होती. मग शोभनाने नूरजहाँकडे पाहिलं. तिची ओढणी खांद्यावर होती. डोळे टक्क उघडे होते आणि ते पडद्याकडे बघत नव्हते.

काय काय जुळत गेलं असेल तिच्या मनात, ते तिच्या चेहऱ्यावर एकेक करून दिसलं. अहमदभाईंचं शारजातलं काम. नोकरी घे, नोकरी घे. तिने भांडं खाली ठेवलं ते चुकून टीपॉयवरच्या मासिकावर ठेवलं, आणि दोघींपैकी कुणी ते उचललं नाही.

"नूरभाभी," ती हळू म्हणाली. "गेलं का?"

चार वर्षं हा प्रश्न नूरजहाँचा होता.

"नाही," नूरजहाँ म्हणाली. "अजून यायचंय."

शोभनाने मान हलवली. पदराला हात पुसावे तसे तिने आपल्या ओढणीला हात पुसले, पर्समधून शाळेचा कागद काढला आणि फोन कानाला लावला. दोनला दहा मिनिटं कमी होती. रिंग वाजत राहिली. पलीकडे कुणी उचलेना. तिने परत लावला. नूरजहाँने दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.

"हॅलो, गुड आफ्टरनून मॅम. शोभना बोलतेय, मॅथ्स टीचरच्या पोस्टसाठी." तिचा आवाज पहिल्या दोन शब्दांना फाटला, मग सरळ झाला. "येस मॅम. आय विल जॉइन. येस, शुअर. सर्टिफिकेट्स अटेस्टेड आहेत, ऑल ओरिजिनल्स. मॅम, वन थिंग. व्हिसा शाळेचाच ना? माझ्या नावावर?" ती ऐकत राहिली. "थँक यू. रविवारी सकाळी येते मी. फर्स्ट थिंग."

फोन ठेवल्यावर ती खाली जमिनीवरच बसली, सोफ्याला पाठ टेकून. रडली नाही. पडद्यावर शेवटी काहीतरी भयंकर चाललेलं होतं, बाई किंचाळत होती, मुलगी कुठे दिसत नव्हती. दोघी बघत होत्या आणि कुणीही कुणाला काही सांगत नव्हतं. यांनी काय केलं होतं कुणाचं, असं शोभना एकदा म्हणाली. ते सिनेमातल्या लोकांबद्दल नव्हतं.

पडद्यावर नावं सरकायला लागली. नूरजहाँने उठून चिमटा काढला, उशी उचलली. ऊन एकदम आत आलं. सृष्टीची बस यायला पंधरा मिनिटं होती.

ती दारापाशी गेली तेव्हा शोभना मागून आली. तिच्या हातात चकलीचा डबा होता, झाकण लावलेला.

"उझैरला दे. त्याला आवडतात."

नूरजहाँने डबा घेतला. उझैरचं नाव ऐकून तिने तो छातीशी धरला. शोभनाने तरी एक हात डब्याखाली धरून ठेवला.

"अहमदभाईंना सांग, कितीही उशीर होऊ दे. पाट मांडून ठेवते. ओवाळल्याशिवाय मी जेवणार नाही."

"ते नाही बसू शकणार गं तुझ्यासमोर."

"बसतील. त्यांना सांग, आज आम्ही सिनेमा बघितला. दुसरं काही नाही. प्रकाशलाही मी तेवढंच सांगणार, रविवारपर्यंत."

नूरजहाँ चार पावलं चालून आपल्या दाराशी आली. किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही. कॉरिडॉरमध्ये ट्यूबलाइट लख्ख जळत होती, लिफ्ट खालीवर करत होती, कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येत होता. डबा काखेत धरून तिने ओढणी डोळ्यांवर ओढून घेतली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे शोभना आपल्या दारातच होती, तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. नूरजहाँ थांबून राहिली.

शोभना 'गेलं' म्हणाली नाही. तिने दारही लावलं नाही.