शिलाईच्या काकूंचं उघडं खातं

मी वाचनालयाच्या कोपऱ्यातला संगणक बोलतोय. बोलतोय असं आपलं म्हणायचं. खरोखर बोलता आलं असतं, तर त्या सकाळी मी एकच वाक्य बोललो असतो आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण आम्हाला विचारलं तेवढंच सांगायची सवय, आणि त्या सकाळी मला कुणी काही विचारलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत माझ्यासारखेच शेकडो भाऊ बाहेर पडले, पण नंतर कुणाची कुणाशी गाठ नाही. माझी पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत होती. तिथे माझ्यापुढे एकच माणूस बसायचा. मी हळू चाललो की माझ्या डोक्यावर टपली मारायचा आणि लगेच इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. त्याच्या हाताखाली मी म्हातारा झालो. मग कचेरीत नवे संगणक आले आणि मला वाचनालयाला दान देण्यात आलं. वस्तू चांगली असेपर्यंत माणसांना दान सुचत नाही, त्याला मी तरी काय करणार.

वाचनालयात मी सगळ्यांचा झालो, आणि जो सगळ्यांचा तो कुणाचाच नाही हे मला तिथे कळलं. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळ माझी जागा. एका मागून एक माणसं येतात, अर्धा तास बसतात, उठतात. पासवर्ड टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा करतात, तोंडाने मात्र एकेक अक्षर पुटपुटतात. आणि एवढी काळजी घेऊन झाली की खातं उघडं टाकून निघून जातात. पडद्याचं बटण दाबलं की सगळं बंद झालं, अशी निम्म्या लोकांची समजूत आहे. अहो, डोळे मिटले म्हणून कुणी झोपतं का? मी आत जागाच असतो.

खातं उघडं राहतं म्हणजे काय होतं, ते सांगतो. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर नाव आणि पासवर्ड टाकून आत गेलात की ती वेबसाइट माझ्याकडे एक चिठ्ठी ठेवायला देते. तिला कुकी म्हणतात. नाव खाऊचं, पण काम पहारेकऱ्याचं. पुढच्या वेळी मी नुसती ती चिठ्ठी दाखवायची, की दार आपोआप उघडतं. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नाही. मी फक्त सांभाळतो.

अशीच एक चिठ्ठी मी शिलाईच्या काकूंची सांभाळली.

काकू वाचनालयासमोरच्या गल्लीत कपडे शिवतात. पहिल्यांदा आल्या त्या मुलीबरोबर. मुलीचं खरं नाव मला माहीत नाही. आई तिला ठमी म्हणायची. ठमी दूरच्या गावी नोकरीला निघाली होती, तिथेच तिने स्वतःचं लग्नही ठरवलं होतं, आणि वडिलांनी या घरात तिचा फोन वाजता कामा नये असं बजावलं होतं. ती गेल्यावर घरात फोन एकच उरणार, तोही वडिलांच्या खिशात. म्हणून ठमीने माझ्यासमोर बसून आईचं ईमेल खातं उघडलं. ‘लक्षात ठेवा’ असं लिहिलेल्या चौकोनात खूण केली. पासवर्ड तिनेच ठरवला, तिनेच टाकला. आईला म्हणाली, “तुला काही करायला लागणार नाही. आपोआप उघडेल. बाकी काहीही दाब, फक्त हे लॉगआउट दाबू नकोस.”

काकूंनी ते वाक्य गाठ मारून ठेवलं. त्यानंतर त्या दुपारी दुकानाचं दार लोटून यायच्या. कधी बोटातलं शिवायचं अंगुस्तान काढायला विसरायच्या आणि त्याच बोटाने टाइप करायच्या, टक टक टक. ठमीचं पत्र एकदा वाचायच्या, मग चष्मा पुसून पुन्हा वाचायच्या. उत्तर दोन ओळींचं, पण त्या दोन ओळींना अर्धा तास लागायचा. जाताना पडद्याचं बटण दाबायचं, माझ्यावर फडकं घालायचं, चारी टोकं नीट ओढायची. झालं त्यांचं कुलूप.

आता हे खातं सगळ्यांनाच उघडं दिसायचं. कुणीही मेल उघडायला गेलं की आधी काकू. पण वाचनालयाच्या बाईंनी माझ्या कपाळावर एक कागद चिकटवला होता: ‘काकूंना लॉगआउट करू नये. आपलं खातं वेगळं उघडावं.’ आणि खरं सांगतो, लोक ते पाळायचे. इथे पुस्तकांची पानं फाडून नेणारी माणसं आहेत, शाईपेन ढापणारी आहेत. पण काकूंचं पत्र कुणी वाचलं नाही. नवीन कुणी आलं तर जुना माणूस शेजारून सांगायचा, ते काकूंचं आहे, त्याला हात लावू नका. मला त्याचा अभिमान वाटायचा.

घोटाळा झाला तो रोज येणाऱ्या एका पेन्शनवाल्या आजोबांमुळे. आजोबांना तक्रारी करायची हौस. एकदा गल्लीतल्या फुटक्या नळाबद्दल त्यांनी खणखणीत पत्र लिहिलं आणि घाईघाईत काकूंच्याच खात्यातून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, नवीन पत्र बघून त्यांचा चेहरा खुलला, आणि आत काय तर ‘आपली तक्रार मिळाली.’ त्या घाबऱ्याघुबऱ्या बाईंकडे गेल्या. म्हणाल्या, “मी आयुष्यात कधी कुणाची तक्रार केली नाही हो.” बाईंना इतकं हसू आलं की त्यांना कपाट उघडून त्यात तोंड घालावं लागलं.

पुढच्या वेळेला मात्र हसण्यासारखं नव्हतं. आजोबांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याला लिहिलं, तेही चुकून काकूंच्या खात्यातून. तारीख कळवणारं उत्तर काकूंकडे आलं. आधीचा अनुभव असल्यामुळे काकूंनी ते उघडलंच नाही; दुसऱ्याचं पत्र कशाला वाचायचं. आजोबांची तारीख हुकली. ते संतापले आणि त्यांनी वाचनालयाच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं, की या वाचनालयातला संगणक कुणाचंही कुणालाही देतो. त्यांचं काही खोटं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

याच सुमाराला ठमीचं ते पत्र आलं. तिला दिवस गेले होते, आठवा लागला होता. राहतं घर सोडून ती दुसरीकडे जाणार होती. ‘आई, बाळंतपणाला येशील का? तू हो म्हणालीस की नवीन पत्ता आणि गाडीचं सगळं इथेच कळवते. बाबांमुळे नाही जमलं तर मी समजून घेईन. उत्तर आलं नाही तर नाही असंच समजेन, परत विचारून तुला पेचात टाकणार नाही.’

काकू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग लिहिलं, ‘येते.’ एवढंच. बोट पाठवायच्या बटणावर नेलं आणि मागे घेतलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. काकू त्यांना म्हणाल्या, “आधी घरी सांगते. चोरून नाही जायचं. या वेळी सांगूनच जायचं.” बाईंनी त्यांना धीर दिला, की लिहिलेलं कुठे जात नाही, उद्या पाठवा. काकूंनी बटण दाबलं, फडकं घातलं, टोकं ओढली.

दुसऱ्या दिवशी बाई रजेवर होत्या. सकाळीच मुख्य कार्यालयाकडून तंत्रज्ञ आला.

चांगला माणूस होता. आधी ओल्या फडक्याने माझा पडदा पुसला. कपाळावरचा कागद भिजून सुटला, तो त्याने चुरगळून टोपलीत टाकला. मग तो माझ्या आत शिरला. कुणाकुणाची खाती उघडी आहेत ते बघून त्याने कपाळाला हात लावला. सामायिक संगणकावर असलं काही ठेवायचंच नसतं, असं तो बदलीवर आलेल्या गृहस्थांना समजावून सांगत होता. बरोबरच होतं त्याचं. त्याने सगळ्या चिठ्ठ्या निवडल्या. पुसून टाकू का, असा प्रश्न मी पडद्यावर दाखवला. तो प्रश्न मी नेहमीच विचारतो; त्यापेक्षा मोठ्याने विचारायची मला सोय नाही. त्याने ‘हो’ दाबलं. आणि रोज मला बंद करताना सगळं आपोआप विसरलं जाईल, अशीही व्यवस्था करून तो चहा प्यायला गेला.

पासवर्ड माझ्याकडे कधीच नव्हता. होती ती चिठ्ठी, ती गेली.

त्या दुपारी काकू आल्या तेव्हा एकट्या नव्हत्या. बरोबर त्यांचे यजमान होते, ठमीचे बाबा. बस आगारात फिटर होते, आता निवृत्त. इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून भांग पाडून आले होते. ज्यांनी इतकी वर्षं मुलीचं नाव घेतलं नव्हतं ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि हळूच विचारलं, “इथे दिसते का ती?” काकू म्हणाल्या, “ती नाही, पत्र दिसतं. थांबा, दाखवते.”

त्यांनी मला उघडलं. आणि मी त्यांना, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं: तुमचं नाव काय, पासवर्ड काय.

काकूंना आधी वाटलं, मी सुरू व्हायला वेळ लावतोय. त्या थांबल्या. मग फडकं उचलून पाहिलं, जणू जुनं पान खाली सांडलं असेल. बाबांनी उठून माझ्या मागच्या वायरी चाचपल्या, एक एक दाबून बसवली. फिटरच तो. म्हणाले, काहीतरी सैल झालं असेल. सैल काही झालं नव्हतं. मला त्या वेळी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नसेल.

बाई परत आल्यावर त्यांनी तंत्रज्ञाला बोलावून घेतलं. तोही बिचारा धावत आला. विसरलेला पासवर्ड परत मिळवायला गेलं, तर कोड एका फोनवर जाणार होता आणि त्या नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसत होते. बाबांनी ते ओळखले. म्हणाले, “तिचाच नंबर. मीच घेऊन दिला होता.” मग म्हणाले, “ती गेली तेव्हा मीच बंद करायला लावला.”

मग तंत्रज्ञाने काकूंना नवीन खातं काढून दिलं. आता लिहा म्हणाला, मुलीचा पत्ता सांगा. काकू म्हणाल्या, ठमी. तो म्हणाला, तसं नाही, पूर्ण पत्ता. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना तिथे नेहमी नुसतं नाव दिसायचं. नाव दाबलं की पत्र पोचायचं. आईला मुलीचा आणखी कसला पत्ता लागतो? नात्यातल्या कुणाकडे ठमीचा ठावठिकाणा नव्हता, आणि जुन्या घरी पाठवलेलं टपाल ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आलं.

वेबसाइटवाल्यांनाही लिहून झालं. त्यांचं छापील उत्तर आलं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटवता आली नाही. बाईंनी ते वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “तिची आई आहे ही. आणखी काय पटवायचं?”

तेव्हापासून दोघं रोज येतात. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतात. ठमीची जन्मतारीख, शाळेतलं नाव, तिने पाळलेल्या मांजराचं नाव. मी प्रत्येक वेळी तो शब्द पुढे पाठवतो आणि ‘चुकीचा’ हे उत्तर परत आणतो. मी नुसता निरोप्या आहे, पण बघतात ते माझ्याकडेच. पेन्शनवाले आजोबाही शेजारी येऊन बसतात. त्यांना नवी तारीख मिळाली, डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. तक्रार करणं त्यांनी सोडूनच दिलंय.

आज मात्र बाबांना एक आठवलं. आगारातला त्यांचा बिल्ला ठमी लहानपणी गळ्यात घालून घरभर हिंडायची, त्यावरचा नंबर गाणं म्हटल्यासारखा म्हणायची. तो टाकून बघू का, असं त्यांनी बायकोला विचारलं. काकूंनी खुर्ची थोडी बाजूला सरकवून त्यांना जागा दिली. बाबांनी जाड बोटांनी एकेक आकडा दाबला. मी तो पुढे पाठवला. उत्तर आलं: फार वेळा प्रयत्न झाले आहेत, उद्या पुन्हा या.

तो नंबर बरोबर होता का चूक, ते मला कळलं नाही. त्यांनाही नाही.

“उद्या येऊ,” बाबा म्हणाले. काकूंनी बटण दाबलं, फडकं घातलं. टोकं मात्र आज ओढली नाहीत, तशीच लोंबत सोडली.

आता बाई खिडक्या लावतायत. थोड्या वेळात मला बंद करतील आणि आज माझ्याकडे आलेली प्रत्येक चिठ्ठी मी विसरेन. माणसं तेवढी लक्षात राहतात, त्यांचा काही उपयोग नसतो. वाचक हो, तुमचं कुणी दूर असेल तर त्याचा पत्ता स्वतः पाठ करा. माझ्यावर विसंबू नका.

आणि ठमे, तू हे वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी सांगतो. तुझी आई गप्प बसलेली नाही. तिने ‘येते’ असं लिहिलंय. ते आतच आहे, तुझ्या पत्राच्या खाली, पाठवायचं राहिलेलं. आणि त्या खात्याच्या दाराबाहेर तुझे बाबाही बसलेत.