मृणालच्या नाटकाचा प्रॉम्प्टर

मुलगी नक्की करते काय, हे एका वाक्यात सांगता आलं असतं तर गोपाळकृष्णांचं म्हातारपण बरंच सोपं झालं असतं. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या बाकीच्या बापांचं बरं होतं. कुणाचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये, कुणाची मुलगी बँकेत, विषय संपला. गोपाळकृष्णांना मात्र टावर चौकात कुणी "मृणाल काय करून राहिली आजकल?" असं विचारलं की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवावी लागे. उत्तराला वेळ लागायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो लागलेला हवाच असायचा.

"आजकल ना, एका वेब सीरिजमध्ये ती जेलर झालीये. आणि मुलांचं ते कार्टून येतं, त्यातल्या उंटाचे सगळे संवाद तिचे. लिहिलेले हं, आवाज दुसऱ्या कुणाचा. मोबाइलवर ती चाळीस भागांची गोष्ट आहे, तिच्यात उलटं, आवाज हिचा अन् लिहिली दुसऱ्यानं. एक हिंदी पिक्चर पण लिहून दिला, आपल्या इकडच्याच एका सरपंच बाईवर. कुकरच्या जाहिरातीतली मावशी बघितली का? ती पण हीच!"

"म्हणजे हिरॉइन नाही?" असं एखादा नतद्रष्ट विचारायचाच. मग गोपाळकृष्ण पिशवी उचलायचे आणि त्या माणसाशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

स्वतः गोपाळकृष्ण रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. पगार रेल्वेनं दिला, पण जीव गुंतला मराठी मंडळात. गणेशोत्सवात मंडळाचं नाटक व्हायचं आणि त्या नाटकाला विंगेत खुर्ची टाकून प्रॉम्प्टिंग करायचे ते गोपाळकृष्ण. थोडीथोडकी नाही, पस्तीस वर्षं. स्टेजवर जायची त्यांची छाती नव्हती. पण गावातले बडे डॉक्टर आणि वकील तोंडाला रंग लावून वाक्य विसरले, की केविलवाणे होऊन त्यांच्याच ओठांकडे बघायचे, आणि ते सुख काही लहान नव्हतं. मृणाल सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या पायाशी बसून टॉर्च धरायची. नाटकाचं वेड तिला तिथंच लागलं, असं गोपाळकृष्णांचं ठाम मत होतं. तिच्या आईचं, शोभाताईंचं, मत वेगळं होतं, पण ते कुणी विचारत नसे.

तर या मृणालनं आता स्वतःच एक नाटक लिहिलं होतं, 'तात्पुरती बदली', आणि एकटीच ते करणार होती. पहिला प्रयोग मुंबईला नाही, पुण्याला नाही, तर उज्जैनला, मंडळाच्या हॉलमध्ये. मंडळाचे सेक्रेटरी जयंतराव ही बातमी सांगायला पेढे घेऊन घरी आले. "बघा काका, मुलगी गावाला विसरली नाही," असं ते म्हणाले तेव्हा गोपाळकृष्णांना पुढचा चहा गोड लागला की फिका, हेसुद्धा कळलं नाही.

मृणाल गुरुवारी आली. नानाखेड्याच्या स्टँडवर बसमधून उतरली तेव्हाच त्यांना वाटलं, पोरीचा चेहरा उतरलाय. प्रवासानं असेल म्हणून ते गप्प बसले. शनिवारी दुपारी शोभाताई जरा आडव्या झाल्या, तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एक सांगायचंय. आईला सांगू नका."

दोन वर्षांपूर्वी नाशिकला ऐन प्रयोगात ती वाक्य विसरली होती. एक वाक्य नाही, सगळंच. समोरची माणसं खोकायला लागली, सोबतच्या नटानं सावरायचा प्रयत्न केला, शेवटी पडदा पाडावा लागला. त्यानंतर तिनं स्टेजवर पाय ठेवला नव्हता.

"कॅमेऱ्यासमोर चुकलं तर परत घेतात. लिहिताना खोडता येतं. म्हणून जेलर, उंट, कुकर, जे मिळालं ते घेत गेले. तुम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगता ना, ते सगळं मी पळून पळून केलंय."

ती खुर्ची ओढून आणखी जवळ सरकली.

"आजकल कुणी प्रॉम्प्टर ठेवत नाही, हसतात लोक. पण उद्या तुम्ही बसाल का? इथं ठेवला प्रयोग तो त्यासाठीच. आणि उद्या पण जर तसंच झालं ना बाबा, तर मी स्टेज सोडणार. कायमचं."

गोपाळकृष्णांना आधी वाईट वाटलं आणि मागोमाग राग आला. राग मुलीचा नव्हता, 'पळून' या शब्दाचा होता.

"पळून एवढं केलंस? मग पळाली नसतीस तर काय केलं असतंस? कुणी पळतं तेव्हा धापा टाकतं, पिक्चर नाही लिहीत. काढ ती स्क्रिप्ट."

संध्याकाळपर्यंत त्यांनी स्क्रिप्ट तीनदा वाचली. तांबड्या पेन्सिलीनं श्वासाच्या जागा, थांबायच्या जागा, सगळं खुणावून घेतलं. त्यांच्या मनात एकच होतं, की आपण तिथं असताना ही पोर अडत नाही म्हणजे नाही.

रविवारी सहाला हॉल भरला. जयंतरावांनी परिचय करून दिला तो इतका लांबला की मागून टाळ्या सुरू झाल्या. शिवाय उंटाचा आवाज मृणालचाच असं त्यांनी ठोकून दिलं. विंगेत गोपाळकृष्ण चडफडले, पण पडदा उघडला आणि त्यांनी नजर कागदाला लावली.

नाटक होतं एका बाईचं. नवऱ्याची सहा महिन्यांसाठी बदली झाली म्हणून ती सामान घेऊन परक्या गावात येते आणि एकतीस वर्षं तिथंच राहते, पण एक ट्रंक काही उघडत नाही, कारण परत जायचंय ना. फ्रीगंजातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक तरी बाई होऊन गेली होती. हॉल दहा मिनिटांत शांत झाला. मृणाल एकही शब्द चुकत नव्हती.

आणि इथंच गोपाळकृष्णांच्या हातून ते झालं. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. प्रॉम्प्टर नाटक बघत नाही, कागद बघतो. नटाच्या अंगातलं जे काही असतं ते त्याच्यापर्यंत नुसतं आवाजानं पोचतं. आज त्यांना वाटलं, एवढी छान चाललीये, जरा बघू तरी कशी करते.

त्यांनी मान वर केली ती केलीच.

ती बाई त्यांची मुलगी नव्हती. तिचं बसणं वेगळं होतं, पदर खोचणं वेगळं होतं, ट्रंकेला पाय लागला तर नमस्कार करायची तिची एक घाईची रीत होती. हे हिला कुणी शिकवलं? जेलर टीव्हीवर पाहून त्यांनी गावभर सांगितलं होतं, पण हे काय आहे ते त्यांना आज कळत होतं. चष्म्याच्या आतून त्यांचे डोळे वाहायला लागले. पान उलटायचं असतं हेही ते विसरले.

मग मृणालची टाच हलली.

नट मुद्दाम थांबतो तेव्हा त्याचे पाय घट्ट असतात. वाक्य विसरलं की आधी टाच हलते. हे गोपाळकृष्णांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं, तर पान एकोणीस. ती कितीतरी पुढे गेलेली. त्यांनी पानं उलटली, दोन एकदम उलटली, परत मागे आले. तीनदा वाचलेलं नाटक डोक्यातून साफ गेलं होतं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

मृणालनं विंगेकडे पाहिलं. गोपाळकृष्णांनी रडवेल्या तोंडानं मान हलवली. नाही सापडत.

तिच्या चेहऱ्यावर आधी नुसती भीती होती. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि भीती जाऊन तिथं भलतंच काही आलं. ती ट्रंकेवर टेकली.

"असू दे," ती प्रेक्षकांना म्हणाली. "नाही आठवत तर नाही आठवत. एकतीस वर्षं झाली, किती म्हणून लक्षात ठेवायचं बाईनं?"

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. त्यानंतरचीही चार-पाच वाक्यं नव्हती. पण बोलता बोलता तिला वाट सापडली आणि मग ती शेवटपर्यंत अडली नाही. पडदा पडला तेव्हा लोक उभे राहिले होते. ट्रंकेवर टेकायची ती जागा सर्वांत झकास होती, असं जयंतराव दहा जणांना सांगत होते.

गर्दी ओसरल्यावर मृणाल विंगेत आली. गोपाळकृष्ण खुर्चीवरच बसलेले होते.

"कितवं पान होतं?"

"एकोणीस."

"मी चौतीसवर होते, बाबा!"

"चुकलं माझं. मी तुला बघत होतो." त्यांनी चष्मा काढला. "इतकी मोठी नटी आहेस तू, हे मला माहीतच नव्हतं गं."

मृणाल खाली वाकून त्यांच्या गळ्यात पडली. "तुमचा चेहरा बघितला आणि मला असं लागलं, हे तर प्रेक्षक होऊन गेले. आता यांना पुढचं कोण सांगणार? मलाच सांगायला पाहिजे ना."

थोड्या वेळानं तिनं त्यांच्या हातातली स्क्रिप्ट काढून घेतली. "पुढच्या महिन्यात इंदूरला प्रयोग आहे. आईसोबत तिसऱ्या रांगेत बसायचं. विंगेत नाही यायचं, समजलं?"

पस्तीस वर्षांत त्यांना त्या खुर्चीवरून उठवायची एकाही दिग्दर्शकाची हिंमत झाली नव्हती. गोपाळकृष्ण उठले, डोळे पुसले आणि बाहेर आले. पायऱ्यांवर अजून लोक रेंगाळत होते. जो भेटेल त्याला थांबवून ते सांगत सुटले, "काढून टाकलं मला तिनं! म्हणते, आता जरूर नाही."