वस्तऱ्याला दिलेली दाद

माधव नगरात तात्यांचे गाल प्रसिद्ध होते. रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज सकाळी फिरून आले की ते वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या वस्तऱ्यानं दाढी करत, गालावरून हात फिरवत आणि बेसिनपाशी उभे राहून घरभर ऐकू जाईल असं म्हणत, "वा! काय धार आहे!" फोम आणि ब्लेडवाल्यांना ते माणसांत धरतच नसत. शेजारचे सुहास त्यात पहिले. "अरे, हे अण्णांच्या काळचं पोलाद आहे," तात्या त्यांना ऐकवायचे. "याला धार लावायचं कामच नाही."

मग नानाखेड्याच्या बसस्टँडवर रिक्षातून उतरताना तात्यांच्या बायकोचा, सुलूताईंचा, पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर चढलं. त्यानंतर काही दिवसांतच वस्तरा केस ओढायला लागला. तात्यांनी आधी साबणाला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग हवेला. एका सकाळी हनुवटीतून रक्त आलं. ते पाहून सुहासनी कुंपणावरून प्लास्टिकचा रेझर पुढे केला. वर हसलेही. ते हसू तात्यांच्या फार जिव्हारी लागलं.

अण्णांच्या हातची ही एकच वस्तू तात्यांकडे उरली होती, आणि ती आता आपल्या हातात मरणार या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना. दुपारी त्यांनी माळ्यावरची वस्तऱ्याची पेटी काढायला स्टूल घेतलं, तर पेटी खालीच, किचनच्या कपाटात सापडली. आत धार लावायची पथरी आणि चामड्याचा पट्टा. इतक्या वर्षांत चामडं कडक झालं असेल असं त्यांना वाटलं होतं. पट्टा चांगला मऊ होता. तात्यांनी त्यावर विचार केला नाही. विचार करण्यापेक्षा हात चालवणं त्यांना नेहमीच सोपं वाटे.

त्यांनी वस्तरा पथरीवर सुरी घासावी तसा कचाकच घासला. मग पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला आणि धार पुढे करून वस्तरा जोरात ओढला. चर्र झालं. चामड्याची एक साल निघून लोंबायला लागली.

"अहो, थांबा! पूरा पट्टा कापाल!" सुलूताई प्लास्टरचा हात सावरत धावत आल्या. "पथरीवर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलटं नाही करायचं."

"तुला काय माहीत?"

"घ्या! मग आजवर कोण करतंय?" त्यांना हसूच आलं. "लग्न होऊन आले तेव्हाच अण्णांनी शिकवलं की मला. म्हणाले, सूनबाई, याचा हात जड आहे, हा वस्तऱ्याची वाट लावेल. तेव्हापासून तुम्ही फिरायला गेलात की इकडे चहाचं आधण आणि तिकडे पट्टा."

तात्यांचा चेहरा पडला. सुलूताईंना तो पट्ट्यापायी पडला असं वाटलं.

"जाऊ द्या, थोडंसंच कापलंय," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? मला कधी कंटाळा नाही आला या कामाचा. पलीकडची मंगला म्हणते, आमच्याकडे कुणी भाजीलासुद्धा चांगलं म्हणत नाही. मी तिला सांगते, आमचे हे रोज सुबह दाद देतात. काय धार आहे, म्हणतात. किचनमध्ये ऐकू येतं ना मला."

तात्यांनी तोंड उघडलं. अगं, मी तर पोलादाला म्हणत होतो, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर सुलूताई इतक्या समाधानानं बघत होत्या की ते बोलले असते तर त्यांच्या साऱ्या सकाळी एका वाक्यात गेल्या असत्या. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक वाक्य गिळलं. बाईनं आपला चेहरा इतकी वर्षं राखला, या विचारानं त्यांना इतकं भरून आलं की उपरण्यानं नाक पुसावं लागलं.

"मग मला शिकव," ते म्हणाले.

सुलूताईंनी डाव्या हातानं पट्ट्याचं टोक धरून ताणलं. "ढिला पडला तर धार गोल होते. आता वस्तरा आडवा ठेवा. दाबू नका! वस्तऱ्याचं स्वतःचं वजन आहे ना, तेवढं बस. टोकाशी आलात की पाठीवर पलटा, उचलायचा नाही."

तात्या ओढत, सुलूताई ओरडत. तात्यांच्या हाताबद्दल अण्णांचं म्हणणं अगदी खरं होतं. संध्याकाळपर्यंत वस्तऱ्यानं मनगटावरचे चार केस कसेबसे कापले, तेव्हा तात्यांना बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. गाल जेमतेम गुळगुळीत झाले, कानापाशी थोडं राहून गेलं, हनुवटीवर पुन्हा एक थेंब आला. सवयीनं तोंड उघडलं, पण जुनं वाक्य त्यांनी मागे घेतलं. मग ते नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले,

"सुलू! काय धार लावतेस गं तू!"

किचनमधला भांड्यांचा आवाज थांबला. सुलूताई दारात आल्या.

"पण आज तर तुम्हीच लावलीय ना?"

"म्हणून तर कळलं," तात्या म्हणाले.

सुलूताईंनी जवळ येऊन डाव्या हातानं पदराचं टोक धरलं आणि तात्यांच्या हनुवटीवरचं रक्त टिपलं.