अठरा नळ्या

माश्यांच्या खोलीत मला एकवीस वर्षं झाली. माझं काम त्यांना जेवू घालायचं. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट मोठ्या पातेल्यात खळीसारखं घट्ट शिजवायचं, गरम असतानाच काचेच्या नळ्यांत ओतायचं आणि निवलं की वर कापसाचे बोळे लावायचे. विद्यार्थी मला आचारीकाका म्हणतात. या एकवीस वर्षांत सदतीस प्रशिक्षणार्थी आले, त्यातले चौदा टिकले. पहिल्याच आठवड्यात सूक्ष्मदर्शकाशेजारी उभं राहून फोटो काढणारा टिकत नाही आणि न सांगता नळ्या धुणारा टिकतो, असा माझा ठोकताळा आहे. तो आजवर दोनदाच चुकलाय.

अडतिसावी आली ती चौतीस वर्षांची. अकरा वर्षं इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, लोकांना चालायला शिकवायची. मग नोकरीत असतानाच एमएस्सी केली आणि आमच्याकडची पाटी वाचून नोकरी सोडून आली. पाटीवर लिहिलं होतं: मेंदूचे आजार आणि जनुकं, सहा महिन्यांचं संशोधन प्रशिक्षण; निवड झाल्यास पीएचडीची एक जागा; वयाची अट पस्तीस. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. पोरांनी पहिल्या दिवशीच तिचं नाव मावशी ठेवलं. तिनं हसून घेतलं आणि नळ्या धुवायला लागली. मी मनात टिकणाऱ्यांत एक आकडा वाढवून ठेवला.

घरी दोन मुलं सासूबाईंच्या जिवावर. त्यांचा रोज साडेबाराला फोन यायचा, आणि त्यांचा आवाज असा खणखणीत की फोन कानाला असला तरी आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"झाल्या का गं मोजून माश्या?"

"नाही आई, अजून आहेत."

"मग एवढ्या कशाला पाळल्या? घरात एक शिरली तर मी फडकं घेऊन धावते, आणि तुम्ही त्यांना जेवायला घालता!"

तिचा प्रयोग सांगायला सोपा आहे. एका आजारात माणसाचा तोल जातो, पाय ऐकेनासे होतात. त्या आजारात बिघडणाऱ्या जनुकासारखंच एक जनुक माशीतही असतं. ते बिघडवलं की माशीलाही चढता येत नाही. मावशीकडे तीन जातींच्या माश्या होत्या. एक निरोगी. दुसरी आजारी. आणि तिसरी आजारीच, पण तिच्या मेंदूत माणसाचं तेच जनुक, चांगलं असलेलं, घातलेलं. नळीत वीस माश्या घ्यायच्या, नळी टेबलावर तीनदा ठोकून सगळ्यांना तळाशी पाडायचं, आणि दहा सेकंदांत किती जणी खुणेच्या रेघेवर चढतात ते मोजायचं. निरोगी माशीला वर चढायची खोडच असते. माणसाच्या जनुकानं आजारी माशी चढायला लागते का, एवढाच प्रश्न.

चार महिने मोजून उत्तर आलं: नाही. निरोगी विसातल्या सतरा चढत, आजारी तेरा, आणि माणसाचं जनुक घातलेल्या चौदा. तेरा आणि चौदा यांत काय फरक?

मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, कधी खुर्चीत न बसणाऱ्या बाई, कागद हातात घेऊन उभ्या उभ्या म्हणाल्या, "आजारी माश्या जरा जास्तच धट्ट्याकट्ट्या दिसतायत. पण असो. 'नाही' हेही उत्तर असतं. नीट मोजलेलं 'नाही' घेऊन शुक्रवारी समितीसमोर जा. तेवढ्यावर जागा मिळते, माझी मिळाली होती."

मावशीनं मान डोलावली. पण तिचा चेहरा पडला होता. इस्पितळात तिच्याकडे याच आजाराचे एक शिक्षक यायचे. दर महिन्याला त्यांची चार पावलं कमी व्हायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, बोळे लावता लावता.

आता माझी गोष्ट. माझ्या शिजवण्याच्या खोलीची आणि तिच्या टेबलाची भिंत एकच, मधे एक खिडकी. पातेलं ढवळताना मला बाकी काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. चार महिने मी तिचं ठोकणं ऐकत होतो. ते दोन तऱ्हेचं होतं. कधी खणखणीत टक-टक-टक, तर कधी दबकं टप-टप-टप. आधी वाटलं, थकत असेल. मग लक्षात आलं, थकलेल्या हाताला असा हिशेब नसतो.

बुधवारी सकाळी मी हात पुसत तिच्याजवळ गेलो. "ताई, जरा गंमत करू. मी पाठ करून उभा राहतो. तुम्ही वाटेल ती नळी उचला आणि ठोका. आत काय आहे ते मी सांगतो."

"आचारीकाका, आता जादूचे प्रयोगही करता?"

"ठोका तर."

टक-टक-टक. "निरोगी." टप-टप-टप. "आजारी." पुन्हा टप-टप-टप. "आजारी." दहापैकी दहा बरोबर. माणसाचं जनुक घातलेल्याही मी आजारीच म्हणालो, कारण त्यांच्यावरही तिचा हात तसाच पडत होता. शेवटी शेवटी तिचं हसू मावळलं.

"तुम्ही आजाऱ्यांना जपता," मी म्हणालो. "हळू ठोकल्यावर निम्म्या माश्या तळाशी पडतच नाहीत. रेघेच्या वर भिंतीलाच चिकटून राहतात, आणि तुम्ही त्यांना चढलेल्या म्हणून मोजता. पडतात त्यांना दचका बसत नाही, म्हणून चढू शकणाऱ्याही खालीच रेंगाळतात."

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. अकरा वर्षं तो लंगडणाऱ्यांना धरत आला होता. त्याला माशी आणि माणूस यांतला फरक कुणी सांगितलाच नव्हता.

"मॅडमना सांगायलाच हवं असं काही नाही," मी म्हणालो. मनापासून नव्हे, माणूस कसा आहे ते बघायची मला खोड आहे. "भिंतीपलीकडचं मलाच तेवढं ऐकू येतं. शुक्रवार निघून जाईल."

"काका, मग ते 'नाही' कुणाचं? माश्यांचं की माझ्या हाताचं?" असं म्हणून ती तडक मॅडमच्या खोलीकडे गेली.

आतून मॅडमचा आवाज आला. "चार महिने? चार महिने, आणि आज बुधवार आहे!" मग दार उघडलं. "काका, आज मोजायच्या वयाच्या, दहा दिवसांच्या माश्यांच्या किती नळ्या आहेत?"

"प्रत्येक जातीच्या सहा. अठरा."

"नळ्यांवरच्या जातींच्या खुणा झाका. यादी तुमच्या खिशात ठेवा. आम्हाला दोघींना कळता कामा नये."

मी अठराही नळ्यांना वरपासून सारखा कागद गुंडाळला, फक्त काच दिसायची खिडकी ठेवली, उलटसुलट क्रमानं आकडे टाकले आणि यादी खिशात घातली. मावशीनं ठोकायचं, मॅडमनी मोजायचं. मी ठोकणं ऐकायचं, दबकं आलं तर ती नळी बाद.

टक-टक-टक. पहिल्या नळीत माश्या तळाशी पडल्या आणि तिथेच घुटमळल्या. तीन चढल्या. दुसऱ्या नळीत सोळा चढल्या. तिसरीत अठरा. चौथीत दोन.

पाचव्या नळीला मला हिशेब सुचला आणि मी बोटांवर मोजायला लागलो. जनुक कुचकामी असेल तर अठरापैकी बारा नळ्या तळाशी राहतील. काम करत असेल तर फक्त सहा. यादी उघडायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं मोजत जायचं. त्या दोघींच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण कुणीच कुणाकडे बघेना.

दहाव्या नळीपर्यंत तळाशी राहिलेल्या चार. तेराव्यापर्यंत पाच. चौदावी चढली. पंधरावी तळाशी राहिली, सहा झाल्या. आता आणखी एक जरी नळी तळाशी राहिली असती तर सगळं धूसर झालं असतं.

सोळावी ठोकली. माश्या पडल्या, उलट्यासुलट्या झाल्या, पाय हलवले आणि चढायला लागल्या. सतरावी चढली. अठरावी ठोकतानाही मावशीचा हात खणखणीत पडला. काचेवर काळे ठिपके पसरले आणि एकामागोमाग एक रेघ ओलांडून गेले.

सहा खाली. बारा वर.

मी यादी काढून वाचली. खालच्या सहाच्या सहा आजारी. वरच्या बारांत सहा निरोगी, आणि सहा आजारीच, पण मेंदूत माणसाचं जनुक असलेल्या.

मॅडम खुर्चीत बसल्या. एकवीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. खसखशीच्या दाण्याहून लहान मेंदू, आणि त्यात माणसाच्या अंगातला एक शब्द टाकला तर त्या मेंदूला तो वाचता आला. माणूस आणि माशी किती कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले ते पोरांनी मला अनेकदा सांगितलं होतं. मी हो-हो म्हणायचो, जसं लांबच्या नात्यातल्या माणसाबद्दल ऐकतो तसं. त्या दिवशी ते नातेवाईक माझ्यासमोर काचेवर चढत होते. या प्राण्यांना मी एकवीस वर्षं जेवायला घातलं आणि ओळख त्या सकाळी झाली.

शुक्रवारी नळ्यांचा ट्रे घेऊन मीच समितीच्या खोलीत गेलो. पाच जण बसले होते. अध्यक्ष बाहेरून आलेले, पांढऱ्या भुवयांचे, शब्द तोलून देणारे.

"म्हणजे तुमच्याकडे एका सकाळचं काम आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि चार महिन्यांची चूक."

"तीही आणलीय." तिनं जुने तक्ते टेबलावर ठेवले आणि चूक कुठं झाली, कशी सापडली, कुणी पकडली, ते सगळं सांगितलं. माझंही नाव घेतलं. मी ट्रेकडे बघत राहिलो.

अध्यक्षांनी तक्ते चाळले. "कमकुवतांवर हात हळू पडला म्हणता. आणि पुढंही पडला तर?"

"पडणारच सर. म्हणून पहिलं काम ठोकायचं यंत्र करायचं. माझ्या हातावर माझा भरवसा नाही."

भुवया वर गेल्या. त्यांनी हात पुढे केला. मी माणसाचं जनुक घातलेल्या माश्यांची नळी दिली. त्यांनी ती तीनदा जोरात ठोकली आणि डोळ्यांसमोर धरली. बाकीच्या चौघांची डोकी आपोआप जवळ आली.

"हे माणसाचं जनुक कुणाचं?"

"माहीत नाही सर. कुणीतरी कधीतरी रक्त दिलं होतं. नाव नोंदवलेलं नाही."

माश्या चढत होत्या. पाच मोठी माणसं एका नळीत बघत होती. अध्यक्षांनी नजर न काढता डाव्या हातानं पेन शोधलं, जागेच्या कागदावर सही केली आणि कागद मावशीकडे सरकवला. ती कागद धरून उभीच राहिली.

"यंत्र कधीपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नळी कानाशी नेऊन, मग परत उजेडात धरून म्हणाले, "थांबा. एकदा अजून ठोकू द्या."