तहानलेलं कडवळ

दादाची नोकरी परगावी. त्यामुळे गोठ्यातल्या गाई आणि चाऱ्याच्या जमिनीचे दोन तुकडे वहिनी आणि धाकटा दीर असे दोघंच सांभाळत. वहिनी कारकुनाच्या घरातल्या. लग्नाआधी त्यांनी गाईला हातही लावला नव्हता. पण आता रोज सकाळी त्या शेतात बसून खुरप्याने खोलवर उकरत आणि खालची माती मुठीत दाबून बघत. ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, म्हणजे नाही.

धाकट्याला हसू यायचं. "वहिनी, जमिनीची नाडी बघताय का?"

"हो. तुमचीही बघू? आज फार उशिरा उठलात."

ऐन उन्हाळ्यात बोअर आटत आली. एका तुकड्यात मका, दुसऱ्यात कडवळ, म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. धाकटा म्हणाला, पाणी निम्मं निम्मं देऊ.

"निम्म्यात दोन्ही जातील," वहिनी म्हणाल्या. "मका तुऱ्यावर आलाय, त्याला आता तहान सोसायची नाही. कडवळ सोसतं. पानं मिटून वाट बघत बसतं."

सगळं पाणी मक्याला गेलं. कडवळाची पानं सुरळी होऊन उभी राहिली, वाढ ठप्प झाली. धाकटा धुसफुसत होता, पण मका जोमात आला आणि त्यावर गाई तगल्या. मका संपत आला तसं उरलंसुरलं पाणी कडवळाकडे वळवलं. मेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या धाटांना बुडातून हिरवेगार फुटवे आले!

धाकटा हरखला. वहिनी दूध घालायला गेल्या होत्या, गाई हंबरत होत्या. त्याने विळा घेतला आणि भारा कापून आणला. तेवढ्यात वहिनी परतल्या. हातातल्या किटल्या तिथेच टाकून त्या गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"भाऊजी, टाका ते खाली! तहानेतून उठलेलं कोवळं कडवळ विषारी असतं. बघता बघता गाय आडवी होते."

"गाई उपाशी आहेत, वहिनी!"

"उपाशी गाय उद्या खाईल. मेलेली खाणार नाही."

धाकट्याने भारा आपटला आणि तरातरा गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "बरोबर अडवलं. पेरणीआधीच मला खोदून खोदून विचारून गेल्या होत्या त्या."

मग सुक्या वैरणीवर दिवस काढले. दूध घटलं, पण कडवळ फुलोऱ्यावर येऊन त्यातलं विष उतरेपर्यंत वहिनींनी विळा लावू दिला नाही.

पहिली पेंढी गाईपुढे टाकली तेव्हा वहिनी खांबाला धरून बघत राहिल्या. गाय निवांत रवंथ करायला लागली तसा त्यांनी श्वास सोडला. खांबावरची मूठ त्यांनी आत्ता कुठे सैल केली, हे धाकट्याने पाहिलं.

"मला वाटायचं, तुम्हाला सगळं पक्कं ठाऊक असतं."

"छे हो! मी भित्री आहे. म्हणून तर विचारत सुटते."

धाकट्याने दुसरी पेंढी सोडली आणि वहिनींसाठी बसायला बाजलं ओढलं.