पितळी टोपणाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. घंटा म्हटल्यावर फार मोठे काही डोळ्यांसमोर आणू नका. मी एवढीशी, बोटाच्या पेरावर मावणारी. खरे तर जन्माने मी घंटाही नव्हे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते पितळी टोपण म्हणजे मी. शिवणकाम करून घराला हातभार लावणाऱ्या एका बाईच्या बोटावर माझी उमेदीची वर्षे गेली. कोटांची अस्तरे, शाळेचे गणवेश, जाडजूड पडदे, सगळ्यांवरच्या सुईचे घाव मी अंगावर घेतले. तिच्या बोटाला कधी ओरखडा येऊ दिला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

तिचा नवरा सुतार होता. दोन मुली; थोरली सात वर्षांची, धाकटी पाळण्यात. दरवर्षी नाताळला हे घर झाड सजवी, आणि त्यांचा एक नियम होता. जी वस्तू टांगायची, तिची गोष्ट आधी सांगायची. गोष्ट नाही, तर फांदी नाही. रंगवलेले अक्रोडाचे कवच, सुताराने कापलेली पत्र्याची चांदणी, लग्नात मिळालेला काचेचा गोळा, सगळ्यांच्या गोष्टी ठरलेल्या. तो गोळा तर आपली गोष्ट सुरू झाली की असा काही मिरवायचा की विचारू नका.

थोरलीच्या हातची मात्र एकही वस्तू झाडावर नव्हती. एका दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला गेली, तेव्हा पोरीने बाबांचा हातोडा आणि खिळा घेऊन माझ्या डोक्यात भोक पाडले. त्यातून लाल दोरा ओवला, दोऱ्याला आतून मणी बांधला आणि मला हलवले. मी वाजले! दुखणे तिथल्या तिथे विसरले.

आई परतली. दुसऱ्या दिवशी सहा गणवेश द्यायचे होते.

"कुणी पाडलं हे भोक?"

थोरलीने हसत हात वर केला. शाबासकीच मिळणार, असे वाटले होते बिचारीला. गालावर चपराक बसली.

"आता काम कशानं करू मी? बोटं फोडून घेऊ?"

"आई, मला तिची गोष्ट तरी सांगू दे ना."

"नंतर," आई म्हणाली आणि उघड्या बोटाने शिवायला बसली.

त्याच आठवड्यात थोरलीला ताप भरला. औषधे झाली, डॉक्टर दोनदा येऊन गेले. नाताळला चार दिवस उरले असताना ती गेली. त्या वर्षी घरात झाड आलेच नाही.

पुढच्या वर्षापासून आई मला स्वतः टांगू लागली, अगदी मागे, भिंतीकडच्या फांदीला. माझी गोष्ट मात्र तिच्या तोंडून कधी निघाली नाही. धाकटी मोठी झाली. बहिणीला ती फोटोतच ओळखत होती. "आई, हिची गोष्ट काय गं?" असे ती दरवर्षी विचारायची. "नंतर सांगते," आई म्हणायची, आणि बाबा काहीतरी शोधायला उठून जायचे. आईने दुसरे टोपण कधी घेतले नाही. जन्मभर बोटे टोचून घेत राहिली. ते बघून माझा जीव तुटायचा, पण मला बोलता कुठे येत होते?

आधी बाबा गेले. गेल्या वर्षी आईही गेली. यंदा धाकटीने आपल्या मुलीला शेजारी बसवून खोके उघडले. कवच, चांदणी, गोळा, सगळे गोष्टींसकट फांद्यांवर चढले. शेवटी मी उरले.

"आई, हिची गोष्ट?"

"आजीला माहीत होती गं. माझं विचारायचं राहूनच गेलं." धाकटीने मला उलटसुलट करून पाहिले. "हे तर शिवायचं टोपण दिसतंय. आजीचंच असेल."

"मग टांगायची नाही?"

"नियम म्हणजे नियम."

नियम मोडला असता, तर काय बिघडले असते? पण आपल्या आईचा नियम तिला पाळायचा होता. तिने लाल दोरा कात्रीने कापला. मणी घरंगळत कपाटाखाली गेला. मग मुलीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण घालायला तिने मला बोटात घातले. दोन टाके पडले. तिसऱ्याला सुईचे मागचे टोक भोकातून आत शिरले आणि बोटावर रक्ताचा थेंब आला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, पण त्यांच्या गोष्टीही विचारा. कुणी "नंतर" म्हणाले, तर उठू नका. तिथेच बसून राहा. त्या घरात तेवढे कुणी बसले नाही.

धाकटीने बोट तोंडात धरले आणि मग ती त्रासून म्हणाली, "कुणी पाडलं हे भोक?"

मी वाट पाहिली. कुणीच हात वर केला नाही.