इनॉक पामर, कापडवाला

इथे अमेरिकेत माझ्या नातीच्या, आन्याच्या, वर्गात दरवर्षी जुन्या माणसांचे पुतळे होतात. पोरं वेश करून भिंतीशी निश्चल उभी राहतात. समोरच्या कागदी बटणावर कुणी बोट ठेवलं की आपलं चरित्र सांगतात. यंदा चिठ्ठीत मैत्रिणीला अंतराळवीर निघाला आणि आन्याला इनॉक पामर. दीडशे वर्षांपूर्वीचा इथलाच कापडवाला, पुढे बोस्टनच्या विधानसभेत निवडून गेलेला.

"आजी, हा किती बोरिंग आहे! माझं बटण कोणीच दाबणार नाही," म्हणून पोर रडायला लागली.

सून नेत्रा म्हणाली, "टीचरला ईमेल करते, चेंज करून देतील."

"खबरदार! नागपूरला इतवारीत दुकानात बसून तीस वर्षं मी कापडच फाडून विकलंय, त्यावर तुझा नवरा इंजिनियर झाला. वाच गं आन्या. तूही चौथीत, मीही चौथीच शिकलेली. दोघींना मिळून कळेल."

तिने वाचलं. दुकानात बसून राहिला आणि दोन निवडणुका हरला. तिसऱ्या खेपेला घोडागाडीत तागे घालून घरोघर हिंडला, निवडून आला, ओढ्यावर पूल बांधला.

"घरोघर जाऊन काय बोलला असेल, आजी?"

"तो कशाला बोलतोय! कापड घेताना बाई आपणहून सगळं सांगते. लेकीचं लग्न, सासूचं दुखणं, ओढ्याला पाणी आलं की आम्ही कसे अडकून पडतो ते. याने विचारलं आणि ऐकलं. पुढाऱ्यांना नेमकं तेवढंच जमत नाही."

शनिवारी शाळेत सगळी गर्दी अंतराळवीराभोवती. आमचा इनॉक काळ्या कोटात एकटा. वीस मिनिटं झाली, बटणाला कुणाचं बोट नाही. मी उठले तर नेत्राने हात धरला. "आई, घरच्यांनी दाबायचं नसतं."

तेवढ्यात पुतळाच चालायला लागला! थेट एका म्हाताऱ्या गोऱ्यासमोर जाऊन आन्याने इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे काय कमी आहे, सर?"

वर्गाच्या बाई धावत आल्या. "आन्या, पुतळे हलत नाहीत!"

पण म्हातारा थांबून सांगायला लागला होता. त्याच्या रस्त्याला फुटपाथ नाही आणि बायको व्हीलचेअरवर. त्याच्या मागे उभी असलेली एकजण म्हणाली, आमच्याकडे तर बसच येत नाही. बघता बघता पाच-सहा जण जमले.

नियम मोडला म्हणून बाईंनी आन्याचा शाबासकीचा स्टार कापला. नेत्राचं तोंड उतरलं. मी आन्याला निघायला तीन हाका मारल्या, पण तिचं लक्षच नव्हतं. मान वर करून ती त्या म्हाताऱ्याचं ऐकत होती.